आमदार शेवटी जातो, पक्ष त्याच्या आधीच गेलेला असतो

गोव्यात आमदारांनी पक्ष बदलला की पुढचे आठ दिवस एकच वाद चालतो आणि दर वेळी तितकाच वाईट चालतो. एक बाजू म्हणते विकले गेले, मग आकडे सुरू होतात, कोणी दहा कोटी म्हणतं कोणी चाळीस, पुरावा कोणाकडेच नसतो. दुसरी बाजू म्हणते मतदारसंघाच्या विकासासाठी गेले, विरोधात बसून रस्ता होतो का, पोरांना नोकऱ्या मिळतात का. आणि मग एक तिसरा शहाणा येतो जो सांगतो की दोष ना यांचा ना त्यांचा, दोष मतदाराचा, लोकांनी एकदा धडा शिकवला की सगळं सरळ होईल. टीव्हीवर अर्धा तास भांडण, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस मीम, मग चवथीचा बाजार नाहीतर हायवेवरचा पुढचा अपघात, आणि विषय संपला.

मला हे तिघेही अर्धवट वाटतात, कारण तिघेही शेवटच्या दिवसाकडे बघतात. आमदार पळतो तो या गोष्टीचा शेवट असतो. पक्ष लोकशाहीपासून सरकायला लागतो तो खूप आधी, उमेदवार कोण द्यायचा, युती कोणाशी करायची, दिलेला शब्द पाळायचा की सोडायचा हे आपल्याच सभासदाला विचारणं बंद होतं तेव्हा. एकदा ते बंद झालं की आमदाराला पक्षात जाब विचारणारा माणूसच उरत नाही, वर हायकमांड असतं आणि खाली बूथ सांभाळणारे असतात, मधलं सगळं रिकामं. मग अशा पक्षातनं, २०२२ ला काँग्रेसमधनं गेले तसे, अकरापैकी आठ काय, अकराच्या अकरा गेले तरी नवल कसलं?

आता पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप आधीच मान्य करतो. पक्ष सत्तेसाठीच असतो, तो काय भजनी मंडळ नाही. सत्तेचा हव्यास, सत्तेचा हव्यास म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी गोव्याचा इतिहास बघावा. १९६३ च्या डिसेंबरात पहिली निवडणूक झाली, काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही, दिल्लीत नेहरू असताना, मुक्ती होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली असताना. निवडून आला तो मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, भाऊसाहेब बांदोडकरांचा. आणि त्या सत्तेतनं काय आलं? १९६४ चा कूळ कायदा आला, गावोगाव मराठी प्राथमिक शाळा आल्या, ज्या घरात चार पिढ्या अक्षर नव्हतं तिथली पोरं मास्तर झाली, मामलेदार कचेरीत कारकून झाली. पुढे भाऊसाहेबांच्या मुलीच्या, शशिकलाताईंच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा आला. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर घर असलेल्या माणसाला विचारा सत्ता वाईट असते का म्हणून. विरोधात बसून नुसत्या तत्त्वाच्या गप्पा मारल्या असत्या तर यातलं काही झालं नसतं. तेव्हा सत्ता हवी असणं हा माझ्या लेखी गुन्हाच नाही.

आणि त्याच भाऊसाहेबांनी सत्ता सोडूनही दाखवली होती, हे आजच्या पोरांना कोणी सांगत नाही. मगोचा जन्मच विलीनीकरणासाठी, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करण्यासाठी, झालेला. जनमत कौल ठरला तेव्हा विलीनीकरणाच्या विरोधातल्या, जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचं म्हणणं होतं की बांदोडकर खुर्चीत असताना कौल निःपक्ष होणार नाही. विरोधकांची मागणी! आज कुठला मुख्यमंत्री असल्या मागणीला हसण्यापलीकडे काय उत्तर देईल? पण १९६६ च्या डिसेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली, १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं आणि विलीनीकरण हरलं, सुमारे चौतीस हजार मतांनी. ज्या प्रश्नासाठी पक्ष काढला तोच प्रश्न लोकांनी निकालात काढला. भाऊसाहेबांनी निकाल मानला, काही महिन्यांत निवडणूक लढवली आणि लोकांनी त्यांनाच परत निवडून दिलं. विलीनीकरण नको म्हणणाऱ्या आणि हवं म्हणणाऱ्या दोन्ही गोंयकारांनी लोकशाही म्हणून काही दाखवलं असेल तर ते त्या तीन-चार महिन्यांत. मी विलीनीकरणवाद्यांच्या घरात वाढलो तरी हे लिहिताना जीभ अडखळत नाही.

पण इथेच गंमत आहे, नंतर काय झालं? पक्षाचा मूळ प्रश्न संपला होता. अशा वेळी पक्षाने बसून ठरवायचं असतं की आता आपण कशासाठी आहोत, आणि ते गावोगावच्या सभासदांना विचारून ठरवायचं असतं. मगोने ते केलं नाही, गरजच वाटली नाही कारण भाऊ होते. बहुजनांचा जीव होता त्यांच्यावर आणि तो खोटा नव्हता. पण पक्ष म्हणजे भाऊ, तिकीट म्हणजे भाऊंचा शब्द, असं चालत राहिलं. १९७० मध्ये पक्षातल्याच काही आमदारांनी बंड केलं, ते का केलं आणि त्यात काही तथ्य होतं का हे पक्षात कुठे बसून बोललं गेलं? १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊ गेले आणि लगेच मुलगी मुख्यमंत्री झाली. ताई निवडून आलेल्या आमदार होत्या, मंत्रिमंडळात होत्या, कारभार चांगला केला, हे सगळं खरं, मी ते नाकारत नाहीय. माझा प्रश्न एवढाच की दुसरं कोणी होऊ शकेल का हा विषय तरी निघायला जागा होती का? १९७९ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्याच आमदारांनी विधानसभेत सरकार पाडलं. आणि मग ताई स्वतः काँग्रेसमध्ये गेल्या, तिथनं बाहेर पडून वेगळा पक्ष काढला, परत मगोत आल्या. ज्या पक्षाच्या सिंहावर लोकांनी डोळे मिटून शिक्का मारला तो पक्ष मुख्यमंत्रिपद गेल्यावर वर्षभरात विस्कटला. लोकांचं प्रेम आटलं म्हणून हे झालं असं मला वाटत नाही. ते प्रेम धरून ठेवायला पक्ष नावाची जी गोष्ट लागते, सभासदांची, सभांची, भांडणाची, मतदानाची, ती बांधलीच नव्हती.

काँग्रेसवाले हे वाचून खूश होत असतील तर थांबा. काँग्रेस गोव्यात सत्तेवर आली कशी? १९८० च्या जानेवारीत निवडणूक जिंकली ती अर्स काँग्रेसने, म्हणजे इंदिरा गांधींच्या विरोधातल्या काँग्रेसने. त्याच वेळी दिल्लीत इंदिराबाई प्रचंड बहुमताने परत आल्या आणि इथले निवडून आलेले थोड्याच दिवसांत त्यांच्या काँग्रेसमध्ये विलीन. त्याच महिन्यात हरियाणात भजनलालांनी जनता पक्षाचं आख्खं सरकार उचलून इंदिरा काँग्रेसमध्ये नेलं, त्याचे किस्से देशभर अजून सांगतात. आमचं कोणी सांगत नाही कारण काँग्रेसमधनं काँग्रेसमध्ये गेले, लोकांना फरक कळला नाही. पण मतदाराने ज्या चिन्हाला मत दिलं ते चिन्हच मग राहिलं नाही, हे तर खरं ना? आणि मुख्यमंत्री झालेले प्रतापसिंह राणे, ते आधी मगोचेच मंत्री. म्हणजे पाया घालतानाच विटा दुसरीकडनं आणल्या होत्या. दिल्लीच्या काँग्रेसचं काय वेगळं चाललं होतं? १९७२ नंतर तब्बल वीस वर्षं पक्षांतर्गत निवडणुकाच नाहीत, १९९२ ला तिरुपतीत नरसिंह रावांनी घेतल्या आणि कार्यकारिणीवर अर्जुनसिंग, शरद पवार असे लोक भरघोस मतांनी आले. मग रावांच्या लक्षात आलं की निवडून आलेल्यांत दलित नाहीत, आदिवासी नाहीत, महिला नाहीत, म्हणून सगळ्यांचे राजीनामे घेतले आणि परत आपल्या हाताने नेमणुका केल्या. कारण काढलं ते किती चांगलं बघा. लोकशाही गुंडाळताना सहसा कारण चांगलंच असतं.

नव्वदच्या दशकाबद्दल मी फार लिहीत नाही, ज्यांनी ते बघितलं त्यांना आठवण करून द्यायला नको. दहा वर्षांत डझनभर तरी शपथविधी, चर्चिल आलेमाव अठरा दिवस मुख्यमंत्री, रवी नाईक १९९४ मध्ये एकदा सहा दिवस. राजीनामा न देताही वागण्यावरनं आमदाराने पक्ष सोडला असं धरता येतं, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आज देशभर दाखला म्हणून वापरतात, तो रवी नाईकांच्या प्रकरणातला, म्हणजे गोव्यानेच देशाला दिलेला.

भाजप या सगळ्याला उत्तर म्हणून आला, हे मान्य करायलाच हवं. १९९४ मध्ये चार आमदार, शिकलेले, स्वच्छ, विधानसभेत अभ्यास करून बोलणारे. पर्रीकरांची भाषणं ऐकायला लोक गॅलरीत जायचे. बाकीच्या पक्षांत माणसं नेत्याच्या घरी जमायची, यांच्यात बैठक म्हणजे बैठक असायची, वेळेवर, वही-पेन घेऊन. तेव्हा सरकण्याची सुरुवात शोधायची तर लोक २०१७ म्हणतात, मी म्हणतो १९९९. काँग्रेसला एकवीस जागा मिळाल्या होत्या, स्पष्ट बहुमत, भाजपला दहा. नोव्हेंबरात फ्रान्सिस सार्दिन काँग्रेस फोडून बाहेर पडले आणि भाजपने त्यांना पाठिंबा देऊन मुख्यमंत्री केलं, आणि पुढच्या ऑक्टोबरात त्यांनाही खाली ओढून पर्रीकर बसले. चांगला माणूस बसला, राज्य चांगलं चालवलं, म्हणून आपण सगळ्यांनी, हो आपण सगळ्यांनी, पद्धतीकडे काणाडोळा केला. चांगल्या माणसासाठी मोकळी केलेली वाट पुढे सगळ्यांच्याच उपयोगी पडते.

मग २०११ चा माध्यम प्रश्न, प्राथमिक शाळेत कुठल्या भाषेतनं शिकवायचं याचा. दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान दिलं, भारतीय भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला, कोंकणीवाले मराठीवाले पहिल्यांदा एका मांडवात, शशिकलाताई पुढे, संघाचे वेलिंगकर सर पुढे आणि भाजप सोबत. २०१२ ला भाजपला एकवीस जागा मिळाल्या, पहिल्यांदा स्वतःचं बहुमत. आणि अनुदान? चालूच राहिलं. इथेही दुसरी बाजू समजून घ्या, चर्चच्या शाळांत शिकणारी पोरंही गोव्याचीच, ख्रिश्चन मतदारांनी त्या वेळी भाजपला साथ दिली होती, सरकार चालवायचं तर सगळ्यांना धरून चालावं लागतं. ही बाजू कच्ची नाही, मला स्वतःला अर्धी पटतेही. पण मग हा निर्णय ज्यांनी उन्हात घोषणा दिल्या त्यांच्यासमोर मांडा, त्यांच्याशी भांडा, मतदान घ्या, हरलात तर हरलात! तसं झालं नाही. जे विचारत राहिले की दिलेल्या शब्दाचं काय झालं ते बाहेर गेले, २०१६ ला वेलिंगकरांना संघाच्या पदावरनं काढलं आणि शेकडो स्वयंसेवकांनी राजीनामे दिले. आणि ज्यांनी असला कुठला शब्द कधी दिलाच नव्हता ते पुढच्या वर्षांत आत आले. मांडवीतल्या कॅसिनोंचं तेच, विरोधात असताना हटवण्यासाठी आंदोलन, सत्तेत आल्यावर मुदतवाढीमागे मुदतवाढ. बोटी अजून तिथेच आहेत, पणजीच्या फेरीबोटीत उभं राहिलं की रात्री त्यांचे दिवे तोंडावर येतात.

आता मांद्र्याकडे बघा कारण तिथे सगळं एका मतदारसंघात दिसतं. २०१७ ला लक्ष्मीकांत पार्सेकर, विद्यमान मुख्यमंत्री, मांद्र्यात हरले, काँग्रेसच्या दयानंद सोपटेंकडून. ऑक्टोबर २०१८ मध्ये सोपटे राजीनामा देऊन भाजपमध्ये, २०१९ ची पोटनिवडणूक कमळावर लढून आमदार. २०२२ ला तिकीट सोपटेंना, पार्सेकर अपक्ष. आणि निवडून कोण आला? मगोचे जीत आरोलकर. दोघेही पडले. हा झाला वरचा हिशेब. आता खालचा बघा. पेडण्याच्या बाजूला माझ्या ओळखीचा एक बूथवाला आहे (पक्ष सांगत नाही आणि नाव तर नाहीच). त्याच्याकडे मतदारयादीची एक वही, दर निवडणुकीला तीच, पानं फाटली की डकवतो. कोण तारवटी आहे आणि मतदानाच्या दिवशी घरी असेल की बोटीवर, कोण पोर्तुगीज पासपोर्ट काढून लंडनला गेला, कुठल्या घरात सासरा एका बाजूला आणि सून दुसऱ्या, सगळं पेन्सिलीने. विरोधी उमेदवाराच्या माणसांपुढे फुली. तिकीट जाहीर झाल्याचं त्याला फोनवर कळलं, कुठल्याशा चॅनेलच्या पट्टीवरनं, आणि उमेदवार तोच ज्याच्या माणसांपुढे पाच वर्षं फुल्या मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या उमेदवाराची दोन पोरं दुचाकीवरनं आली, वही मागायला. "कालमेरेन जाका गाळी मारल्यो, आज ताचेच बॅनर बांदपाचे" (कालपर्यंत ज्याला शिव्या घातल्या, आज त्याचेच बॅनर बांधायचे), एवढंच म्हणाला. वही दिली की नाही ते मी विचारलं नाही. पण त्या माणसाला पक्षाने कधी, म्हणजे आयुष्यात एकदा तरी, विचारलं होतं का की बाबा रे तुझ्या भागात कोण उभा राहावा? पक्ष ज्याच्या डोक्यात आणि वहीत राहतो त्याचं मत लागत नाही, मग पक्षाला विचार तरी कशाला लागेल?

पणजीतही तेच झालं, पर्रीकरांच्या मुलाला २०२२ ला तिकीट नाही आणि ते मिळालं २०१९ ला काँग्रेसमधनं आलेल्या बाबूश मोन्सेरातांना. मुलगा म्हणून तिकीट द्यावं असं मी मुळीच म्हणत नाही, घराणेशाहीला माझा विरोधच आहे. पण पणजीच्या भाजप सभासदांनी दोघांत मतदान करून निवडलं असतं तर? निकाल कदाचित हाच आला असता, आणि मग मला बोलायला तोंड राहिलं नसतं.

बरं आता त्या तिसऱ्या शहाण्याकडे येतो, मतदारांनी धडा शिकवावा म्हणणारा. मतदारांनी धडा शिकवला हो! १० जुलै २०१९ ला काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले, विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर पुढे, आणि तीनच दिवसांत उपमुख्यमंत्री. २०२२ ला या दहांपैकी परत निवडून आले किती? तीन. पणजीत बाबूश, ताळगावात जेनिफर, थिवीत हळर्णकर. कवळेकर स्वतः केप्यात पडले. मगो सोडून गेलेले दोघे, आजगावकर आणि पावसकर, तेही पडले. याच्यापेक्षा कडक धडा कसा असतो? काँग्रेसने उमेदवारांना महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या, पक्ष सोडणार नाही म्हणून. आणि १४ सप्टेंबर २०२२ ला, निकालाला सहा महिने होतात न होतात तोवर, अकरापैकी आठ गेले. गेलेल्यांतले दिगंबर कामत म्हणाले देवाला विचारलं. देवाला विचारलं, मडगावच्या गट समितीला नाही.

म्हणजे मतदाराने पाडलं तरी तेच, देवासमोर शपथ घेतली तरी तेच, मग दोष कुठे शोधायचा? त्या अकरा जणांना तिकीट कसं मिळालं ते बघा. मायकल लोबो जानेवारी २०२२ मध्ये भाजपचे मंत्री, त्याच महिन्यात काँग्रेसमध्ये, पत्नीलाही तिकीट, दोघेही निवडून आले आणि मार्चअखेर लोबो विरोधी पक्षनेते. पक्षात येऊन तीन महिने न झालेला माणूस पक्षाचा विधानसभेतला नेता! कळंगुटच्या ज्या काँग्रेसवाल्याने दहा वर्षं लोबोंच्या विरोधात काम केलं त्याने काय करायचं? 'जिंकून येण्याची क्षमता' हा एकच निकष लावला तर जिंकून येणारा माणूस पक्षाचं काही देणं लागत नाही, उलट पक्षच त्याचं देणं लागतो. तो आला तसा गेला, आणि जाताना त्याला कोणाचं तोंड चुकवावं लागलं नाही.

दुसरं, सत्ताधाऱ्यांचा युक्तिवाद स्थिरतेचा असतो. २०१७ ला तो काही प्रमाणात लागू होता, काँग्रेसचे सतरा, भाजपचे तेरा, काँग्रेसवाले नेता कोण यावर घोळ घालत बसले आणि पर्रीकरांनी गोवा फॉरवर्ड, मगो, अपक्ष गोळा करून बहुमत उभं केलं. ठीक आहे, चपळाई म्हणा. पण २०२२ ला? भाजपचे स्वतःचे वीस, तीन अपक्ष, मगोचे दोन, चाळीसात पंचवीस झाले होते. मगोने तर निवडणूक तृणमूलबरोबर भाजपच्या विरोधात लढवलेली, निकाल लागताच पाठिंबा दिला. पंचवीस असताना आणखी आठ कशाला? सरकार चालवायला तर नाहीच. विरोधक हवेतच कशाला, ही भावना सत्तेच्या भुकेपेक्षा वेगळी आहे आणि जास्त वाईट आहे. आमच्या आजोबांच्या पिढीने सालाझारच्या काळात असलाच एक पक्ष बघितला होता, युनियांव नासियोनाल, निवडणुका त्याही वेळी व्हायच्या, निवड नसायची. आज तसं आहे असं मी म्हणत नाही, आज मी हे लिहू शकतो आणि सकाळी पोलीस येणार नाहीत, फरक प्रचंड आहे. १८ जून १९४६ ला लोहियांनी मडगावात जी मागणी केली ती अगदी साधी होती, सभा घ्यायचा, बोलायचा हक्क. तो हक्क मैदानावर मिळाला. पक्षाच्या बैठकीत अजून मिळायचा आहे, तिथे मान डोलवायची असते.

आता छोट्या राज्याचा मुद्दा. मतदारसंघ अठ्ठावीस-तीस हजारांचा, आमदाराला प्रत्येक घर माहीत, बारशाला बाराव्याला जावं लागतं, सरकारी नोकरी हाच कितीतरी घरांचा आधार, केंद्राच्या पैशाशिवाय काही हलत नाही, मग विरोधातल्या आमदाराने पाच वर्षं काय हात चोळत बसायचं? हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये, सत्तरी नाहीतर सांगे तालुक्यातल्या माणसाला रस्ता हवा असतो, तत्त्व खाऊन पोट भरत नाही. पण नीट बघा हा युक्तिवाद काय सांगतो. विरोधी आमदाराच्या गावाला पाणी मिळत नाही हे गृहीत धरलंय! ते का मिळू नये? ते पैसे कोणाच्या घरचे आहेत? अन्याय आधी गृहीत धरायचा आणि मग त्याच्यावर उपाय म्हणून पक्ष सोडायचा. शिवाय फायदा तरी झाला का? विजय सरदेसाईंचा गोवा फॉरवर्ड २०१७ ला भाजपविरोधी मतं घेऊन आठवड्याभरात भाजपच्या सरकारात गेला, आणि जुलै २०१९ ला ते काँग्रेसचे दहा आले तसं गोवा फॉरवर्डच्या तिन्ही मंत्र्यांना घरी पाठवलं. मगोच्या सुदिन ढवळीकरांना त्याच्या आधी मार्चमध्ये, मध्यरात्री पक्षाचे तीनपैकी दोन आमदार उचलून. सत्तेच्या जवळ राहिलं की सुरक्षित, असं ज्यांना वाटलं त्यांचीच जागा आधी गेली.

तीनपैकी दोन. इथे कायदा बघायला हवा. १९८५ च्या पक्षांतरबंदीत एक-तृतीयांश फुटले तर चालायचं, २००३ च्या दुरुस्तीने ते काढलं, आता दोन-तृतीयांश आमदार गेले तर ते 'विलीनीकरण'. उत्तर प्रदेशात दोन-तृतीयांश म्हणजे शेकड्यात माणसं असू शकतात, गोव्यात दोन. एका गाडीत बसतात. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने काँग्रेसमधनं गेलेल्या त्या दहा आमदारांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा मूळ पक्ष विलीन झाला की नाही हा प्रश्न बाजूलाच राहिला, आमदार गेले म्हणजे पक्ष गेला. त्याहून विचित्र म्हणजे एकट्या आमदाराने आपल्याच पक्षाच्या विधेयकाविरुद्ध व्हिप मोडून मत दिलं, समजा कॅसिनोच्या नाहीतर जमीन रूपांतराच्या विषयावर, तर तो अपात्र. आठ जणांनी मिळून पक्षच सोडला तर पात्र, वर खुर्ची. मत वेगळं असण्याला शिक्षा आणि घाऊक पळण्याला बक्षीस! म्हणून 'कायदा कडक करा' एवढंच म्हणणारे मला पटत नाहीत, कडक झालेला कायदा पहिल्यांदा कोणाचं तोंड बंद करतो ते बघा.

मग नवीन पक्ष? आम आदमी पक्षाने २०२२ ला गोव्यात उमेदवारांकडनं प्रतिज्ञापत्रं करून घेतली. कल्पना चांगली. पण आंदोलनातनं निघालेल्या त्याच पक्षाने २०१५ मध्ये, दिल्ली जिंकल्यावर महिन्या-दोन महिन्यांत, प्रश्न विचारणाऱ्या योगेंद्र यादव आणि प्रशांत भूषण यांना हाकललं आणि स्वतःच नेमलेल्या अंतर्गत लोकपालालाही, अ‍ॅडमिरल रामदासांना, बाजूला केलं. काँग्रेसला तिथे पोचायला काही दशकं लागली होती. नवेपणाने काही होत नाही, आत मतभेद ठेवायची सोय आहे का ते बघावं लागतं.

आता मला विचारतील, तू म्हणतोस तसं सभासदांनी तिकीट ठरवायचं तर तिथेही पैसा चालेल, सभासद विकत घेतील, एका रात्रीत चार हजार खोटे सभासद करतील. करतील, नक्की करतील. आमच्याकडे पंचायतीत सरपंचावर अविश्वास आणायला सात पंचांतले चार गोव्याबाहेरच्या रिसॉर्टवर ठेवतात, तर पक्षाच्या निवडणुकीत का नाही करणार? पण हिशेब मांडा. आज एका मतदारसंघाचं तिकीट मिळवायला दोन-चार माणसांना खूश करावं लागतं. उद्या दोन-अडीच हजार सभासदांना करावं लागलं, सभासदत्व किमान दोन वर्षं जुनं असेल तरच मत अशी अट असली, यादी पंचायतीच्या फळ्यावर लागली, तर काम कठीण होतं की सोपं? जर्मनीने हिटलर बघितल्यावर राज्यघटनेतच लिहून टाकलं की पक्षाची अंतर्गत रचना लोकशाही तत्त्वांना धरून असली पाहिजे. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्यात नोंदणी करताना पक्षाने लोकशाहीशी निष्ठेचं वचन द्यायचं असतं, पण ते मोडलं म्हणून निवडणूक आयोगाला नोंदणी काढता येत नाही, हे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलंय. म्हणजे वचन आहे, धाक नाही.

आणि दिल्लीने कायदा करेपर्यंत थांबायचीही गरज नाही. कुठल्याही एका पक्षाने, मगोने केलं तर मला जास्त आनंद होईल कारण गमावण्यासारखं त्यांच्याकडे तसंही फार उरलेलं नाही, २०२७ साठी एका तरी मतदारसंघात सभासदांची यादी लावून, उमेदवारांना एका व्यासपीठावर उभं करून मतदान घ्यावं. प्रियोळ घ्या, मांद्रे घ्या. गोंधळ होईल, खुर्च्या फेकतील, एखादा रुसून बाहेर पडेल. पण जो निवडून येईल त्याला दीड हजार माणसांची नावं तोंडपाठ असतील ज्यांनी त्याला हात वर करून पाठवलंय, आणि त्या दीड हजारांना त्याचं घर माहीत असेल.